तांडेलाचं विमान

"विमानाचं काय लोणचं घालायचंय तुझ्या बाबांना?" मी नमिताला म्हटलं.

"नुसतं बसायचं नाही गं आई, चालवायचंय," माझी लेक म्हणाली. "फ्लाइंग लेसन असतो. शेजारी शिकवणारी पायलट असते, पण थोडा वेळ आपल्या हातात देते. बाबाच्या वाढदिवसाला हेच देऊया."

"गुडघे धड नाहीत बाबाचे, आणि विमान चालवणार?" कृणाल, माझा मुलगा, हसला. "मस्त आरामखुर्ची घेऊ यार. बटण दाबलं की पाय वर. झकास."

दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आमच्या घरात शेवटचा शब्द कमळचा, म्हणजे माझा, हे अख्ख्या वेसावे कोळीवाड्याला ठाऊक आहे. मी खुर्चीच म्हणणार होते, तेवढ्यात दाराबाहेर नजर गेली. आमचे हे, हरेश्वर तांडेल, ओट्यावर बसले होते. सकाळी बसले तसेच. सगळा जन्म होडीवर उभं राहून काढलेला माणूस. मला रागच आला. बसलेल्या माणसाला आणखी एक खुर्ची द्यायची?

"विमान," मी म्हटलं. "आता वाद नको."

गेल्या मोसमात बंदरात शिरताना ह्यांचा गुडघा अचानक दगा देऊन गेला आणि आमची होडी शेजारच्या होडीवर आपटली. फार काही मोडलं नाही. कृणालने पटकन सुकाणूचा दांडा हातात घेतला आणि म्हणाला, "सोड बाबा, तू बस." पोराचं चुकलं नव्हतं. पण चार माणसांसमोर म्हणाला, आणि हे दोन्ही हात मांडीवर ठेवून खाली बसले; मी धक्क्यावरून बघत होते. त्या दिवसापासून हे बंदरावर फिरकले नाहीत. मी तिथेच पाटी मांडून मासळी विकते, पण मला शोधायलासुद्धा आले नाहीत. बोलणंही तुटकच. मला माझा भांडणारा नवरा परत पाहिजे होता, बाकी काही नको.

शहराबाहेरच्या त्या लहानशा विमानतळावर श्वेता नावाची पायलट भेटली. आमच्या नमितापेक्षाही लहान पोर. हे पुढे तिच्या शेजारी, नमिता आणि मी मागे. विमान उडालं तशी मी एकवीरा आईचं नाव घेत डोळे मिटले. कानावरच्या त्या मोठ्या फोनमधून सगळं बोलणं ऐकू येत होतं.

"काका, आता तुमच्या हातात," श्वेता म्हणाली. "डावीकडे वळवा."

मी डोळे उघडून पाहिलं, ह्यांच्या पायांमध्ये एक दांडा होता. ह्यांनी तो उजवीकडे ढकलला आणि विमान उजवीकडे कललं. मी नमिताचा हात आवळला.

होडीचं असंच असतं. डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे ढकलायचा. हातांना तेच माहीत, ते दुसरं काय करणार?

श्वेताने विमान सरळ केलं. "उलटं झालं, काका."

"चुकलं," हे म्हणाले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्या दिवशी होडीवर ठेवले होते, अगदी तसेच. मला वाटलं, संपलं. मीच ह्या माणसाला इथे आणून पुन्हा मान खाली घालायला लावली.

"हात कशाला काढले?" श्वेता म्हणाली. "सगळेच चुकतात. धरा परत."

हे हलले नाहीत.

"अवो, धरा की," मी मागून ओरडले. "एवढ्या लांब काय हवा खायला आलोय?"

ह्यांनी दांडा धरला. हळूच डावीकडे नेला. विमान डावीकडे वळलं, शहाण्यासारखं. मग उजवीकडे वळवलं. मग न सांगता परत डावीकडे. श्वेता हसत होती. ह्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण पाठ ताठ झालेली दिसत होती. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंदरावर मी सुरमई कापत होते. मागे जाळी विणत बसलेल्या माणसांत मोठा हशा पिकला. मग ह्यांचा आवाज आला, पूर्वीसारखा खणखणीत. "अरे, पोरगी म्हणते डावीकडे, आणि मी घातलं ना विमान उजवीकडे. कमळची तर वाट लागली."

"मावशी, तुकडे करताय ना?" गिऱ्हाईक म्हणालं.

"थांब जरा," मी म्हटलं आणि सुरी खाली ठेवली.