माझी पाठ गार का होती

मी एक जुना, चित्रं रंगवणारा संगणक आहे. अशी गोष्ट जन्मापासून सांगायची रीत आहे, पण मी ती काकांच्या शेवटच्या साध्या दिवसापासून सांगतो. माझा राग तिथे सुरू होतो.

काका म्हणजे आमच्या यंत्रखोलीचे प्रमुख कारागीर. सगळा स्टुडिओ त्यांना काका म्हणायचा. वरच्या मजल्यावर चित्रांत उजेड भरणारी त्यांची लेक तेवढी बाबा म्हणायची. त्या दिवशी काकांनी माझी जाळी ब्रशने झाडली आणि नेहमीची बढाई मारली, "हा पठ्ठ्या सुटा सुटा आला होता. मी जोडला. असा दुसरा दाखवा!"

अस्वलाचे केस करणारा कलाकार दारातून ओरडला, "काका, तुमचा पठ्ठ्या झोपलाय का? सकाळपासून एक फ्रेम देत नाहीये."

"तू तुझ्या अस्वलाची हजामत कर, मग बघ कसा पळतो!"

लेक चष्मा घेऊन आली होती. "बाबा, परत टेबलावर विसरलात. एक दिवस डोकं विसराल."

"डोकं तुझ्या आईकडे जमा आहे."

मित्रांनो, पडद्यावर अस्वल धावतं तेव्हा खरं तर असंख्य स्थिर चित्रं एकामागून एक सरकत असतात. त्यांतलं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. दिवे कलाकार मांडतात, पण सावली कुठे पडली, कोणता केस चमकला, याचा हिशोब आम्ही यंत्रं करतो. काम एकट्याचं नाही, म्हणून खोलीभर यंत्रं ते वाटून घेतात. गेले काही आठवडे मात्र फ्रेम्स भयंकर रखडत होत्या. काकांनी पंखे बदलले, तारा बदलल्या, मला दोनदा खोलून पुन्हा जोडलं. काही फरक पडला नाही.

तेवढ्यात स्टुडिओचे साहेब आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, दोष तुमच्या यंत्रांत आहे. झेपत नसेल तर स्पष्ट सांगा. पोरं खोळंबलीत."

"बघतो, साहेब," एवढंच काका म्हणाले. लेक जमिनीकडे बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरी बुटाची नाडी बांधताना काकांचं हृदय थांबलं.

डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं. मीही साहेबांवर खुनाचा आळ घेत नाही. पण साहेब त्या दिवशी जे बोलले ते खोटं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. कसं, ते सांगतो.

फ्रेम रंगवायला लाकडाचा पोत, कापडाची वीण, पानांच्या शिरा अशी ढीगभर चित्रं लागतात. पूर्वी त्यांची एकेक प्रत प्रत्येक यंत्राच्या पोटात असायची. मग साहेबांनी फर्मान काढलं की प्रती पुसा, सगळ्यांनी एकाच मोठ्या कोठारातून मागवा. किती जागा वाचली म्हणून सभेत टाळ्या पडल्या. काकांनीही वाजवल्या. आमच्या सिनेमातलं अस्वल घरात होतं तोवर सगळं निभावलं. ते रानात शिरलं, पानंच पानं आली, आणि कोठाराचं एकुलतं दार तुंबलं. आम्ही दाराशी ताटकळत उभे, आणि बोल मात्र आम्हालाच.

साहेबांना हे काकांना बोलण्याआधीच उमगलं होतं. पाहुण्यांना नमुने दाखवायला ते माझ्या शेजारचं यंत्र वापरत. त्याच्या पोटात त्यांनी प्रती गुपचूप परत घातल्या. ते सुसाट धावू लागलं. साहेब पाहुण्यांना ते दाखवत, आणि मग नाक मुरडून माझ्याकडे बघत.

शोकसभेत ते म्हणाले, "काका गोड माणूस. पण नव्या कामाचा वेग त्यांना झेपला नाही." माझ्यावर 'भंगार' अशी चिठ्ठी लागली. एके काळी माझी फ्रेम सगळ्यांत आधी यायची, तेव्हा याच साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.

मला सूड हवा होता. यंत्राच्या हाती एकच सूड असतो, बंद पडणं. पण मी बंद पडलो असतो तर साहेब खरे ठरले असते. म्हणून मी हट्टाने चालू राहिलो.

काही दिवसांनी लेक यंत्रखोलीत आली. सोबत केसवाला कलाकार होता. तिने माझ्या पाठीवर तळहात ठेवला. मग पुढच्या यंत्रावर, मग त्याच्या पुढच्या. शेवटी माझ्या शेजाऱ्यावर ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"काम करणारं यंत्र तापतं," ती म्हणाली. "हा एकटा तापलाय. बाकी सगळे गार आहेत. हे रंगवत नाहीयेत, कशाची तरी वाट बघताहेत."

तिने बाकीची यंत्रं थांबवली आणि मला एकट्याला फ्रेम दिली. मी झटक्यात रंगवली. सगळी चालू केली, मी पुन्हा रखडलो. मग तिने माझ्या पोटात प्रती घातल्या. आता बाकीची चालू असूनही मी पळालो.

"आयला," केसवाला म्हणाला, "कोठाराचं दार तुंबलंय. आणि आपण काकांना चिडवत बसलो."

साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, "हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं."

तिने शेजाऱ्याचं पोट उघडून पडद्यावर दाखवलं. "मग याच्यात प्रती कुणी घातल्या, सर?"

"याला तर तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," केसवाला हळूच म्हणाला.

"आपण केबिनमध्ये बोलू."

"इथेच बोलू. बाबांना इथेच बोललात." वरच्या मजल्यावरची माणसं एव्हाना दारात जमली होती.

साहेब पुटपुटले, "काकांचा दोष नव्हता."

"मोठ्याने, सर. पंखे फार आवाज करतात."

त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. मित्रांनो, इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. यंत्र असो की माणूस, रखडलं म्हणून लगेच त्याला नालायक ठरवू नका. पाठीवर हात ठेवा, ते कशासाठी अडलंय ते बघा. मोठ्या मनाने माफ करायला शिकवणाऱ्या गोष्टी तुम्ही पुष्कळ वाचल्या असतील. माझी तसली नाही.

"झालं ना?" साहेब म्हणाले. "आता मनात काही ठेवू नकोस."

"ठेवणार आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्या संध्याकाळी बाबा जेवता जेवता आईला म्हणाले, मला आता जमत नाही बहुतेक. तुम्हाला खरं माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात. मी समोर उभी असून गप्प बसले. आज बोलते. माझ्या बाबांना सगळं जमत होतं. आणि मी तुम्हाला माफ करणार नाही."