कावळ्याला दिलेला शब्द

अनुरागच्या दहाव्याला यमुनेच्या काठावर माणसं बरीच जमली होती. त्यातली निम्मी त्याला ओळखत नव्हती, आणि ओळखणाऱ्यांतले निम्मे तो जिवंत असताना त्याचा फोन उचलत नव्हते. उरलो आम्ही. आम्ही म्हणजे दिल्लीच्या मराठी मंडळातली नेहमीची डोकी. बारसं असो, मुंज असो की दहावा, वेळेवर हजर. आणि कोण खरं रडलं, कोण नुसता रुमाल धरून उभा राहिला, याचा हिशेब परतताना गाडीत पुरा करणारी.

अनुराग शशिकांत आणि अलकाचा एकुलता एक. शशिकांतची सगळी हयात केंद्र सरकारच्या नोकरीत आणि सरकारी क्वार्टरमध्ये गेली. पोराला त्याने पहाडगंजच्या मराठी शाळेत घातलं, पुढे इंजिनीअर केलं. पोराने नोएडातली नोकरी वर्षभरात सोडली आणि रॅप करायला लागला. नाव घेतलं ‘मलबा’. घर पाडल्यावर उरतो तो मलबा. मंडळात कुणी विचारलं, “काय करतो हल्ली चिरंजीव?” तर शशिकांत म्हणायचा, “संगीतात आहे.” लोकांना वाटे, हार्मोनियम.

निवृत्तीला आल्यावर सगळ्यांनी केलं तेच शशिकांतने केलं. नोएडात फ्लॅट बुक केला. तिकडे काल वांगी लावलेली असत आणि आज तिथल्या पाटीवर युरोपातल्या एखाद्या सरोवराचं नाव असे. पीएफ गेला, अलकाच्या बांगड्या गेल्या, आणि बिल्डर दर दिवाळीला पेढ्यांबरोबर ताब्याची नवी तारीख पाठवत राहिला. नवराबायको भाड्याच्या घरांतून फिरत राहिले. चौथ्या घरी अलकाने सामानाचे सगळे खोके उघडलेसुद्धा नाहीत.

मग त्याच सरोवराच्या एका टॉवरचा स्लॅब कोसळला आणि खाली पाच मजूर गेले. पेपरात दोन ओळी आल्या. ‘पाच मजूर’, एवढंच. हजेरीपटावर अंगठे होते, नावं नव्हती. अनुराग महिनाभर झोपड्यांतून हिंडला, माणसं गाठली आणि त्यावर गाणं केलं. ‘नाम बोल, गाँव बोल’. श्राद्धाला गुरुजी नाव-गोत्र विचारतात, तसं तो एकेकाला विचारतो आणि मग उत्तर देतो: रामसखी, महोबा. तौफीक, मालदा. असे पाचही. आणि दर नावामागे बिल्डरचं नाव, त्याच्या बापाच्या नावासकट. तालीम स्वयंपाकघरात चालायची, पोह्यांच्या डब्यावर बोटं वाजवत.

अलका म्हणायची, “अरे, हे स्तोत्र म्हणतोयस की भांडतोयस?”

“दोन्ही गं आई. तू फोडणी दे ना यार.”

शशिकांतने मात्र बिल्डरचं नाव ऐकलं आणि तिथेच फोन बंद केला. “आपला ताबा राहिलाय,” एवढंच म्हणाला. गाणं लाखोंनी ऐकलं. बिल्डरने खटला भरला. आणि पावसाळा सरल्यावर एके सकाळी एक्सप्रेसवेवर एका डंपरने अनुरागची स्कूटर चिरडली. डंपरला नंबरप्लेट नव्हती. कागदोपत्री अपघात लिहिला गेला. काय झालं ते डंपरवाल्याला ठाऊक, आणि तो अजून सापडायचा आहे.

मेल्यावर मुलाला भाव आला. एका तरुण नेत्याने चौकाचौकात फलक लावले. ‘युवा शहीद मलबा’ असं लिहिलेलं. फोटोत नेता मोठा, शहीद छोटा. आमच्या मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब यांना अचानक शोध लागला की पोर तर अस्सल मराठी बाण्याचं. कारण त्या हिंदी गाण्यात मधेच दोन ओळी मराठीत होत्या: ‘पानिपतात सरदार किती पडले ते पाठ आहे तुम्हाला, भाकरी कोण भाजत होतं तिचं नाव सांगा.’ अण्णासाहेबांनी यातलं पानिपत तेवढं घेतलं. संक्रांतीला मंडळाची बस पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जाते, मानवंदना द्यायला. यंदा बसवर अनुरागचा फोटो लावायचा, असा ठराव झाला. भाकरीवालीबद्दल ठरावात काही नव्हतं.

तिसरी वाटेकरी इशिता. ही मंडळातल्याच घरातली, अनुरागच्या गाण्यांचं संगीत तीच करायची. तिच्याकडे त्याचं शेवटचं अर्धं गाणं होतं. ती म्हणत होती, पुरं करून सोडायचं, आणि जुन्याला कुणी हात लावायचा नाही.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णासाहेब शशिकांतकडे आले. काखेत फोल्डर. मंडळाच्या हॉलला गेल्या वर्षी संगमरवर बिल्डरने दिला होता, तेव्हा निरोप्या कोण असणार हे उघडच होतं.

“शशिकांतराव, वेळ अशी आहे, की बोलवत नाही,” असं म्हणून ते बराच वेळ बोलले. मतलब असा: गाण्याचे हक्क वारस म्हणून बापाने कंपनीच्या नावे करायचे. कंपनी ते गाणं सगळीकडून उतरवेल. खटला मिटेल. पुढच्या महिन्यात ताबा, चौदावा मजला, पूर्वेकडची बाल्कनी. आणि आतल्या बागेला नाव ‘अनुराग उद्यान’.

“पोराचं नाव राहील, वहिनींना छप्पर मिळेल,” अण्णासाहेब म्हणाले. “आणखी काय हवं?”

“त्याला काय हवं होतं?” स्वयंपाकघरातून अलका म्हणाली.

अण्णासाहेब दाराकडे वळून म्हणाले, “वहिनी, तो आता सगळ्याच्या पलीकडे गेला. राहिलात तुम्ही दोघं. घर रिकामं करा म्हणून घरमालकाचा फोन आला होता ना? सुतक आहे म्हणून लाजेने थांबलाय तो.”

ते खरं होतं. घरमालकाला सारखे कॅमेरेवाले दारात नको होते.

“अहो, निदान दहावा होऊ द्या,” अलका म्हणाली.

“त्यांचा माणूस उद्या दुपारी दुबईला चाललाय.”

शशिकांतने चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता. अलकाने कणकेचे हात तसेच धरून दारात उभं राहून पाहिलं. सही त्याने सरकारी पद्धतीने केली, खाली तारीख घालून. अलका आत गेली. नंतर कणिक मळल्याचा आवाज काही आला नाही.

तर दुसऱ्या दिवशी घाटावर हे सगळे. पहाडगंजचे विष्णू गुरुजी मेट्रोने आले होते, पिशवीत दर्भ आणि काळे तीळ. नदीवर कारखान्यांचा फेस आला होता, पांढराशुभ्र, लांबून पाहणाऱ्याला प्रसन्न वाटावा असा. शशिकांतने पिंड ठेवले. आम्ही मागे सरलो. समोरच्या बाभळीवर पाच-सहा कावळे होते, वर घारी फिरत होत्या. कावळा पिंडाला शिवला की मेलेल्याचं काही राहिलं नाही असं समजायचं. नाही शिवला, तर त्याची इच्छा ओळखून ती पुरी करायचा शब्द द्यायचा.

अर्धा तास झाला. एकही हलेना.

“मनात काही राहिलंय,” गुरुजी म्हणाले. “कुणीतरी बोला.”

नेत्याला ही प्रथा नवीन होती, पण भाषणाचा मोका तो ओळखायचा. पोरांना मोबाइल वर करायला सांगून त्याने हात जोडले. “मलबा भाई! आपकी शहादत बेकार नहीं जाएगी. कातिलों को जेल भेजेंगे, चौक का नाम आपके नाम पर!”

कावळ्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मागे आमच्यातलं कोणीतरी पुटपुटलं, “मतदारयादीत नाहीत ते.”

अण्णासाहेब पुढे झाले. “बाळ अनुराग, काला अंबला तुझा फोटो लावू. मराठी माणूस तुला विसरणार नाही.” एक कावळा या फांदीवरून त्या फांदीवर बसला, तोंड फिरवून.

इशिता रडत होती, तिचा आवाज फुटला. “अन्या, ट्रॅक मी पुरा करते, प्रॉमिस. आणि ‘नाम बोल’ला कोणी टच नाही करणार. ये ना यार.” एक कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून पुढे आला. पिंडापासून हातभर अंतरावर थांबला, मान वाकडी केली, आणि परत उडाला. जमलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकच सुस्कारा निघाला.

आता सगळे बापाकडे बघायला लागले. ऊन चढलं होतं, गुरुजी दर्भाचा कावळा वळायच्या तयारीत होते. दर्भाचा कावळा शिवला तरी शास्त्राला चालतो, माणसांना चालत नाही. जन्मभर बोलतात, की खरा काही आला नाही.

शशिकांत उठला. ओल्या धोतराला वाळू लागली होती. अलका त्याच्या मागेच उभी होती. तो पिंडांकडे बघत म्हणाला, “अनुराग, तुझं गाणं कुणी पुसणार नाही. मी आहे ना. मी बसलोय.”

आणि कावळा आला. सरळ, वेळ न लावता, मधल्या पिंडावर. चोच घातली, आणखी दोघे आले, घारीने झडप घालायच्या आत भात संपला.

बायका हुंदके द्यायला लागल्या. गुरुजी म्हणाले, “बापाचं ऐकलं पोराने.” नेत्याच्या पोरांनी सगळं टिपून घेतलं. अलका तेवढी रडली नाही. ती अण्णासाहेबांच्या काखेकडे बघत होती. फोल्डर तिथेच होता, वर केळीच्या पानांचं पुडकं ठेवलेलं. मग ती एकटीच चालत गाडीकडे गेली. सांत्वनाला धावलेल्या बायकांना वाटलं, पोराला शब्द मिळाला म्हणून तिचं मन भरून आलंय.

शशिकांतने गाडीजवळ अण्णासाहेबांना बाजूला घेतलं. “तो कागद परत द्या. माझं ठरलंय.”

“कागद घ्या की,” अण्णासाहेब म्हणाले आणि खरोखरच काढून देऊ लागले. “पण त्याचा फोटो काल रात्रीच पाठवलाय मी. साक्षीदारांच्या सह्याही झाल्या तिकडे. आता हा फाडून काय होणार? उगाच मनाला लावून घेऊ नका. कावळा शिवला ना? मग झालं तर. त्याची काही हरकत दिसत नाही.”

शशिकांतने कागद घेतला नाही. घेतला असता तर निदान चुलीत घालता आला असता, असं आमच्यातल्या काहींचं मत आहे. बाकीच्यांचं मत, की घरात गॅस आहे.

घाटावरचा तो व्हिडिओ चालला. वर ‘एक पिता का वचन’ असं लिहिलेलं. कावळा उतरतो तिथे बासरी घातली होती. गाणं जितक्यांनी ऐकलं होतं त्याच्या कितीतरी पट लोकांनी हा कावळा पाहिला. आणि तो पाहिला जात असतानाच ‘नाम बोल, गाँव बोल’ एकेका ठिकाणाहून उतरत गेलं. इशिताने पुन्हा चढवलं, पुन्हा उतरलं. तिला नोटीस आली, त्यात वारसाची सही होती. ती नोटीस घेऊन ती शशिकांतकडे आली.

“काका, ये आपकी साइन है?” मराठीसुद्धा सुटलं तिचं.

शशिकांत म्हणाला, “तू लहान आहेस.”

“तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. मी तिथे होते.”

“चहा घेणार?”

ती चपला घालून निघून गेली. अर्धं गाणं अर्धंच राहिलं. पुढे निवडणूक झाली, नेता हरला, फलकांचं प्लास्टिक झोपड्यांच्या छपरांवर गेलं. संक्रांतीला बस काला अंबला जाऊन आली, तिळगूळ वाटला गेला. फोटो मागच्या काचेवर लावला होता, ड्रायव्हरला दिसेना म्हणून तो वाटेत काढावा लागला.

ताबा मात्र मिळाला. बिल्डरने दिलेला एवढा एकच शब्द त्याने पाळला. चौदावा मजला, पूर्वेकडची बाल्कनी, खाली पाटी: ‘अनुराग उद्यान. फुले तोडू नयेत’ असं हिंदीत आणि इंग्रजीत. मलबा हे नाव कुठेच नव्हतं. शशिकांतने सगळे खोके स्वतः उघडले. खिळे ठोकले, पडदे लावले. अलका मदत करायची. सांगितलं ते करायची. दहाव्यानंतर तिने त्याला त्या सहीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं आणि तो रोज वाट बघत होता, की आज विचारेल.

वर्षश्राद्ध या घरातच झालं. विष्णू गुरुजी लिफ्टने वर आले, विधी करून, जेवून गेले. आम्ही चौघे-पाच जण होतो, पानं वाढायची होती. खीर, वडे, अळू, आमसुलाची चटणी. कावळ्याचा घास घेऊन अलका बाल्कनीत गेली. शशिकांत दारात उभा राहिला. तिने कठड्यावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवला, त्यावर घास. मग दुसरा तुकडा. मग तिसरा. सहा मांडले.

“अगं, एक पुरे. सहा कशाला?”

“एक त्याचा.”

“आणि बाकीचे?”

ती वर न बघता घासांवर तूप सोडत राहिली. “तुम्ही ओळखा.”

शशिकांत आठवायला लागला. खरंच प्रयत्न करत होता. कपाळाला आठ्या पडल्या. “ती एक बाई होती ना. महोब्याची.”

“नाव?”

तो आमच्याकडे बघायला लागला. आमच्यातल्या प्रत्येकाने ते गाणं ऐकलं होतं, निदान तसं सांगत तरी होतो. आम्ही पानांकडे बघितलं.

“तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत कुठे,” अलका म्हणाली. आवाज चढला नव्हता. मग तिने कठड्यावर बोटांनी हळू ताल धरला, पोह्यांच्या डब्यावर धरतात तसा, आणि एकेका घासापुढे एकेक नाव घेतलं, एकेक गाव घेतलं. सहावं नाव तिने अनुराग घेतलं नाही. मलबा घेतलं. गाव घेतलं नाही.

एवढ्या उंचीवर कावळे येत नाहीत. समोरच्या टॉवरवर कबुतरं होती, ती तिथून हलेनात. आम्ही जेवायचे खोळंबलो होतो आणि वडे गार होत होते. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. शशिकांतने उचलला. खालचा गार्ड होता.

“सर, बाल्कनी में खाना रखना मना है. नीचे गार्डन में गिरता है.”

“हाँ,” शशिकांत म्हणाला. “हटाता हूँ.”

त्याने रिसीव्हर ठेवला आणि बाल्कनीच्या दारापर्यंत गेला. अलका कठड्याशी उभी होती, आणि ती बाजूला होणार नव्हती, हे त्याला दिसलं. तो तिथेच थांबला. इंटरकॉम पुन्हा वाजायला लागला.