आधी बटण की आधी प्रेस

यंत्रावरचं रक्त अजून कुणी पुसलं नव्हतं, आणि सुपरवायझर शेजारी उभा राहून फुर्र फुर्र चहा ओढत होता. प्रेसवाल्याने तोंड फिरवलं. काय माणूस आहे! सकाळी पत्रा ठोकणाऱ्या याच प्रेसने आपल्या मेव्हण्याची दोन बोटं चिरडली, आणि ह्याला चहा गोड लागतोय!

"बटण दाबायच्या आधीच प्रेस पडली, हेच वर कळवतो," सुपरवायझर म्हणाला. "काल दुरुस्ती मेकॅनिकने केली, म्हणजे दोष त्याचा. उद्या त्याला नारळ."

प्रेसवाला खोटं बोलत नव्हता. मेव्हणा पत्रा आत सरकवत होता, तेवढ्यात प्रेस आदळली, आणि मग कुठे ह्याचं बोट बटणावर टेकलं. अगदी शपथेवर! दवाखान्यात नेताना मेव्हणासुद्धा कण्हत म्हणाला होता, "दाजी कशाला खोटं बोलतील?"

सुपरवायझर गेला तसा मेकॅनिक पुढे आला. "माझ्या पोटावर पाय देण्याआधी एकदा रिकामी चालवून बघ."

"बघतोच!"

त्याने बटण दाबलं. धाड! परत तेच. प्रेस आधी, बोट नंतर.

"बघितलंस? मेली आपोआप येते!"

"आधी येते ना? मग सोपं आहे. ती खाली आली की बोट मागे घे. दाबूच नकोस."

प्रेसवाला बटणावर बोट धरून उभा राहिला. प्रेस ढिम्म हलेना. शेवटी वैतागून त्याने दाबलं आणि धाड! ह्याही वेळी ती आधीच आल्यासारखी वाटली. पण बोट काही मागे घेता आलं नाही. त्याच्या कपाळाला घाम फुटला.

"कित्येक महिने बटण दाबल्यावर ही जराशी उशिरा पडायची," मेकॅनिक म्हणाला. "तुझ्या डोक्याला तो उशीर इतका अंगवळणी पडला, की दाबणं आणि पडणं एकदमच होतंय असं वाटायला लागलं. काल मी उशीर काढला. आता ती वेळेवर पडली तरी तुला आधी पडल्यासारखी वाटते."

तो उशीर प्रेसवाला आणि मेव्हणा, ह्या दोघा शहाण्यांनी कामाला लावला होता. मेव्हण्याचा हात आत असतानाच हा बटण दाबायचा, प्रेस येईपर्यंत हात बाहेर. काम भराभर उरकायचं, आणि दोघं त्याचीच फुशारकी मारायचे. आजही त्याने तसंच दाबलं होतं. स्वतःच्याच डोक्याची शिसारी आली त्याला. मेलं, डोळ्यांदेखत खोटं दाखवतं, आणि वर शपथ घ्यायला लावतं!

तो तडक सुपरवायझरकडे गेला. "मेकॅनिकला हात लावू नका. बटण मी दाबलं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"सकाळी नव्हतं."

दवाखान्यात बायको बाकावर बसली होती. रडून डोळे सुजले होते तिचे. तो शेजारी बसताच तिने त्याचा हात घट्ट धरला.

"त्या मेकॅनिकचं वाटोळं होवो! अहो, खरंच ती आपोआप पडली ना?"

"नाही. मी दाबलं. त्याचा हात आत होता, तरी दाबलं."

तिने हातातल्या त्याच्या हाताकडे बघितलं. मग तो सोडून दिला, आणि आपला तळवा कपड्याला पुसत भावाच्या खोलीत निघून गेली.