मानेवरची चार बोटं

मित्रांनो, सेरवाबाईंच्या टेबलावर पिवळा पडलेला, शेपटीला चिकटपट्टी गुंडाळलेला माउस दिसतो ना, तो मी. मी म्हातारा झालोय, हे वेगळं सांगायला नको. एके काळी पांढराशुभ्र होतो, पण त्यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही.

माझा कारखाना कुठे होता, मला आठवत नाही. खोटं कशाला बोलू? मला आठवतो तो कुमासी शहराचा बाजार. तिथे जुन्या कॉम्प्युटरांच्या ढिगात मी पालथा पडलो होतो. सेरवाबाईंनी मला उचललं, तळहातावर घासून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा चालेल. हाताला बरा बसतो." तेव्हापासून मी त्यांच्या उजव्या हाताखाली आहे.

आमचं दुकान अंत्यविधीच्या फलकांचं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा मोठा फलक चौकात लागतो. वर फोटो, खाली नाव, त्याखाली सगेसोयरे, आणि रंग काळा नि लाल. डोकं खऱ्या फोटोतलं घ्यायचं आणि अंगावरचा थाट दुसऱ्या फोटोतला जोडायचा. जन्मभर फाटकं नेसलेली माणसंसुद्धा आमच्या दुकानातून राजासारखी निघतात.

मला स्वतःला चित्रातलं काही कळत नाही बरं का. मी प्रोग्रामला एवढंच सांगतो: इतका सरकलो, इथे बटण दाबलं, इथे सोडलं. त्याची रेघ करायची की रंग, ते तो ठरवतो. शेजारी कीबोर्डदादा असतो. फोटो मोठा करताना त्याने एक कळ धरून ठेवली नाही, तर माझ्या ओढण्याने माणसाचा चेहरा भोपळ्यासारखा पसरतो. दादा फार खडखड करतो, पण त्याच्यावाचून माझं पान हलत नाही.

सेरवाबाई दर शनिवारी माझं पोट कापसाने पुसायच्या. "माझं सोनं आहे हे," म्हणायच्या. पुढे माझं डावं बटण झिजलं. बाई एकदा दाबायच्या आणि प्रोग्रामला दोनदा दाबल्यासारखं वाटायचं. मग सोन्याचा झाला दगड. "म्हाताऱ्या, एकदा सांगितलं की एकदाच ऐक!" असं म्हणून बाई मला टेबलावर आपटायच्या. लागायचं हो मला.

अशातच एके दुपारी अमोआको आला. तो भाड्याची व्हॅन चालवतो. त्याची आई बिरागो वारली होती. सोबत कोनाडूमावशी होती, बिरागोची थोरली बहीण. घराण्यात तिचा शब्द शेवटचा.

"आईचा हा एकच फोटो आहे, ताई," अमोआको म्हणाला. "जन्मभर स्टँडवर धुरात बसून केळी भाजली तिनं. आता तिला रेशमी केंटेचं उंची वस्त्र नेसव. गळाभर सोनं घाल."

"गळाभर नको," मावशी म्हणाली. "मान मोडेल बाईची. दोन माळा बस झाल्या."

सेरवाबाई हसल्या आणि डोकं कापायला बसल्या. कडेकडेने माझं बटण दाबत जायचं, दर दाबाला एक टिंब. शेवटी लागोपाठ दोनदा दाबलं की प्रोग्राम समजतो, काम झालं, आणि रेघ सरळ बंद करतो. बाई कानापर्यंत आल्या, मानेजवळ वळल्या, आणि माझ्या बटणाने घात केला. रेघ तिथेच बंद झाली. मानेबरोबर भलतंच काहीतरी कापून आलं.

"मेला हा माउस!" बाई ओरडल्या. "पोराची बोटं आली बघ. चार."

"थांब ताई!" अमोआकोचा आवाज एकदम बदलला. "ती माझी आहेत. फोटोत मी तिच्या कडेवर होतो. राहू दे."

"राहू दे?" मावशी कडाडली. "जित्या माणसाचा हात मेलेल्या माणसाच्या गळ्यात? आपल्या घराण्यात असलं चालत नाही. काढ, सेरवा."

"मावशी, राहू दे गं. मी तिला धरल्याची माझ्याकडे एवढीच खूण आहे."

"आणि तिनं तुला ओढून नेलं तर? दिवसभर रस्त्यावर असतोस तू. एकीला पोचवतेय, बाळा. दुसऱ्याला पोचवायचं त्राण नाही माझ्यात."

शेवटी अमोआको म्हणाला, "बरं. काढ."

सेरवाबाईंनी मला हातात घेतलं, तशी मावशी म्हणाली, "तू नको. त्याचा हात त्यालाच सोडवू दे."

अमोआकोने कधी माउस धरला नव्हता. त्याचा तळवा खरखरीत, घामेजलेला. "स्टिअरिंगसारखा आवळू नकोस रे," बाई हळूच म्हणाल्या. "बटण दाबून धर आणि बोटांवरून फिरव. पुसली जातील."

त्याने दाबलं आणि मला सरकवलं. एक बोट गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. "करंगळी राहिली," बाई म्हणाल्या. त्याने मला तिच्यापर्यंत नेलं, परत मागे घेतलं. मग तीही पुसली.

"नको वाटत असेल तर सांग," बाई म्हणाल्या. "दोन कळा दाबल्या की सगळी बोटं परत येतील." कीबोर्डदादा श्वास रोखून बसला होता. एरवी परत आणायच्या कामाची त्याला भारी हौस.

"नको," अमोआको म्हणाला. "जाऊ दे आईला."

तेव्हा मावशीने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. दोघांचं ओझं माझ्या पाठीवर आलं. मी मुळीच हललो नाही. मला फार भरून आलं होतं.

मित्रांनो, आमचंही वय होतं. बटण अडतं, वायर तुटते. वैताग आला तर जरा उठा, पाणी पिऊन या, पण आम्हाला आपटू नका. हळू दाबा. हे एवढंसं बटण दाबून एका लेकाने आपल्या आईला सोडलं आहे.