डावीकडची खुर्ची

"आजपासून जगातले सगळे रंगमंच इतिहासजमा झाले," असं मोठ्या साहेबांनी धीरगंभीर आवाजात जाहीर केलं, तेव्हा त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. डोळ्यांवर तो काळा डबा बांधलेला असल्यामुळे त्यांना समोर खच्चून भरलेलं सभागृह दिसत होतं. प्रत्यक्षात समोर आग विझवायचं लाल नळकांडं होतं, आणि त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या पाठीमागून आल्या. साहेब दचकून वळले, वायरीत पाय अडकला, आणि ते जावईबापूंच्या अंगावर जाऊन पडले.

ती जागा तशी योग्यच होती. कंपनीच्या नव्या व्हीआर, म्हणजे आभासी जगाच्या, विभागाचे प्रमुख जावईबापूच होते. गाण्यांच्या तबकड्या, मग कॅसेटी, मग सीड्या काढण्यात कंपनीची हयात गेली. साहेबांच्या मुलीशी लग्न झाल्यावर जावईबापूंना कुठल्यातरी विभागात बसवणं भाग होतं. असलेल्या प्रत्येक विभागात त्यांनी काही ना काही करून ठेवलं, तेव्हा नसलेला विभाग काढण्यात आला.

अक्का हाताची घडी घालून हे सगळं बघत होत्या. कंपनीच्या चांगल्या दिवसांत जो आवाज घरोघरी पोचला, तो अक्कांचा. म्हणून नव्या विभागाचं पहिलं गाणंही त्यांचंच होतं. शेजारी त्यांचे थोरले भाऊ बसले होते, मांडीवर अकॉर्डियन आणि गळ्याभोवती मफलर. अक्का त्यांना दादा म्हणत, म्हणून सगळी कंपनी त्यांना दादाच म्हणे. दादा अक्कांना चिमणी म्हणत. अक्कांचा एकूण आकार बघता दुसऱ्या कुणाची तशी हिंमत झाली नसती.

"कल्पना अशी आहे, अक्का," जावईबापू कपडे झटकत म्हणाले, "की गिऱ्हाईक घरी बसून हा डबा डोळ्यांना लावणार, आणि थेट तुमच्या शेजारी येऊन बसणार. तुम्ही एका हाताच्या अंतरावर. मान वळवेल तिकडचं दिसणार. मागे, पुढे, छताकडे."

"छताकडे कशाला बघेल? मी गात असताना?"

"बघू शकेल, एवढंच म्हणतोय."

स्टुडिओत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एक अक्कांची. तिच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर एक गोल, बटबटीत, चहूकडे डोळे असलेलं यंत्र खांबावर बसवलं होतं. अक्कांनी त्या यंत्राकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं.

"हे दादाच्या जागेवर काय ठेवलंय?"

"तोच तर कॅमेरा," जावईबापू खुलले. "आम्ही तुमचे जुने कार्यक्रम बारकाईने पाहिले, अक्का. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तुम्ही डावीकडे वळून एक नजर टाकता. काय नजर आहे ती. गिऱ्हाइकाला ती नजर मिळाली पाहिजे. म्हणून गिऱ्हाईक तिथे बसणार."

"आणि दादा?"

"दादांसाठी काचेची खोली केलीय. आत बसून वाजवतील. आवाज तोच, फक्त चित्रातून त्यांना नंतर पुसून टाकू."

"मी काय म्हणतो," दादा म्हणाले.

"तू थांब, दादा," अक्का म्हणाल्या. "जावईबापू, ती नजर कसली आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"जिव्हाळ्याची."

"दमाची. हा बाबा कडव्याच्या शेवटी गाडी पकडायची असल्यासारखा पळत सुटतो. मी डोळे वटारले की थांबतो. आमचं उभं आयुष्य असंच चाललंय. तुमच्या गिऱ्हाइकाने काय केलंय, म्हणून मी त्याच्यावर डोळे वटारू?"

दादांनी मान हलवली. आरोप त्यांना मान्य होता.

मोठ्या साहेबांनी आता मधाचं बोट काढलं. "अक्का, तुम्ही कंपनीच्या घरच्या. एका खुर्चीवरून कशाला अडून बसायचं? दादा तर इथेच आहेत, पलीकडच्या खोलीत."

"आज पलीकडच्या खोलीत. पुढच्या गाण्याला जिन्याखाली. त्याच्या पुढच्याला म्हणाल, दादा, आवाज आहे आमच्याकडे साठवलेला, तुम्ही आराम करा." अक्कांचा आवाज चढला नाही. चढला नाही म्हणूनच साहेब एक पाऊल मागे सरकले. "पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहिले तेव्हा माझे शब्दच गेले होते, साहेब. हा शेजारी होता. तीच ओळ पुन्हापुन्हा वाजवत राहिला, मला आठवेपर्यंत. लोकांना वाटलं, चालच तशी आहे. त्या खुर्चीवर तो नसेल तर मी गात नाही."

"करारात गायचं कबूल केलंयत तुम्ही," जावईबापू म्हणाले. "कुणी कुठे बसायचं ते नाही लिहिलेलं."

साहेबांनी जावयाकडे असं पाहिलं, की क्षणभर अक्कांना साहेबांबद्दल जवळीक वाटली. तीही डावीकडे टाकलेली नजरच होती.

"बरं," अक्का म्हणाल्या. "तो डबा द्या जरा इकडे."

त्यांनी डबा डोळ्यांना लावला. आत सकाळी घेतलेली चाचणी दिसत होती: अक्कांच्या खुर्चीवर स्टुडिओतले दिवे सांभाळणारा मनुष्य बसून जांभया देत होता. अक्कांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, छत पाहिलं. मग उठून दोन पावलं चालल्या. दिव्यांचा मनुष्य होता तिथेच, तेवढ्याच अंतरावर जांभई देत राहिला.

"उठून पलीकडे जाता येत नाही का?"

"नाही, अक्का. मान हवी तिकडे वळवा, पण जागा सोडता येत नाही. कॅमेरा तिथे, म्हणजे गिऱ्हाईक तिथे."

"असं होय," अक्का म्हणाल्या, आणि डबा परत केला. "चला. घ्या गाणं."

एवढ्या सहजपणे अक्का कधीच कशाला हो म्हणाल्या नव्हत्या. साहेब सुखावले. जावईबापू तर जिंकल्यासारखे फिरत होते. दादांना काचेच्या खोलीत नेण्यात आलं. जाताना ते पुन्हा म्हणाले, "मी काय म्हणतो, चिमणे..."

"गप जाऊन बस, दादा. तुझ्यासाठीच चाललंय हे."

यंत्र चहूकडे बघतं, म्हणून सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं होतं. दार लागता लागता अक्का उठल्या, आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून काचेच्या खोलीकडे वळवली, यंत्राकडे पाठ केली, आणि गायला बसल्या.

त्या गायल्या मात्र झकास. काचेपलीकडे दादा पळत सुटले, अक्कांनी डोळे वटारले, दादा थांबले. गाणं संपलं.

ऐकायचा पहिला मान साहेबांचा. ते डबा लावून खुर्चीत टेकले आणि गालांत हसले. मग हसू थोडं ओसरलं. मान डावीकडे झाली, उजवीकडे झाली. ते उठले. एका बाजूने पुढे आले, दुसऱ्या बाजूने आले, वाकून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं. शेवटी कुणाला तरी चुकवून पुढे जावं तसे गोल फिरत ते थेट नळकांड्यापर्यंत गेले.

"काय दिसतंय, बाबा?" जावईबापूंनी विचारलं.

"अंबाडा," साहेब म्हणाले.

"आणि?"

"अंबाड्याला पिना लावल्यात. सुरेख दिसतात." त्यांनी डबा काढला. "अक्का, ही काय थट्टा?"

"थट्टा कसली? करारात गायचं होतं, गायले. तोंड कुठे करायचं ते नाही लिहिलेलं." अक्का उठल्या. "पुन्हा घ्या, पुन्हा गाईन. दहा वेळा घ्या. दरवेळी माझं तोंड दादाकडेच असेल. त्याला काचेत ठेवा, जिन्याखाली ठेवा, गच्चीवर ठेवा. तो जिथे, तिथे मी बघणार. मग तुमचं गिऱ्हाईक कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवा."

जावईबापूंनी तोंड उघडलं. साहेबांनी बोट वर केलं, आणि ते मिटलं. साहेबांनी डबा खाली ठेवला. त्यांच्या कारकिर्दीत गायक रुसले होते, पळून गेले होते, दुसऱ्या कंपनीला जाऊन मिळाले होते. पण अंबाड्यापुढे हात टेकायची वेळ पहिलीच होती.

"कॅमेरा समोर न्या," ते म्हणाले. "दोघांच्या समोर. खुर्ची दादांची. या गाण्याला, आणि पुढच्या सगळ्या गाण्यांना. अक्का, हवं तर लिहून देतो."

"द्याच," अक्का म्हणाल्या.

साहेबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. खाली सही केली, आणि साक्षीदार म्हणून जावईबापूंना करायला लावली. अक्कांनी कुणाला हात लावू न देता ते यंत्र स्वतः ढकलत समोर नेलं, डावीकडची खुर्ची रुमालाने पुसली, काचेच्या खोलीचं दार उघडलं, आणि दादांचं मनगट धरून त्यांना सगळ्यांदेखत आणून तिथे बसवलं. दिव्यांच्या मनुष्याचे डोळे पाणावले. साहेबही दुसरीकडे बघू लागले.

दादांनी अकॉर्डियन मांडीवर घेतलं. मफलर एक वेढा वर ओढला. वर छताकडे एकदा पाहिलं, जिथे यंत्र तापू नये म्हणून बसवलेला एसी घोंघावत होता.

"मी काय म्हणतो, चिमणे..."

"बोल, दादा," अक्का म्हणाल्या. "आता तू बोल. आज तुझा शब्द खाली पडायचा नाही."

"मी उजवीकडे बसलो तर चालेल का? इथे वारा नेमका मानेवर येतो."