खोल्या आत घेऊन दाखवा

वापरलेलं मोटरहोम विकणारा माणूस ते नेहमी उघडं दाखवतो. बटण दाबलं की भिंतीसकट बाहेर सरकणाऱ्या चारही खोल्या उघडलेल्या, जॅक टेकवलेले, एसी लावलेला, टेबलावर फुलं. आत शिरलं की वाटतं, एवढं ऐसपैस तर आपलं घरसुद्धा नव्हतं. पण गाडी रस्त्यावर असते तेव्हा या खोल्या आत ओढलेल्या असतात, आणि पहिल्याच मुक्कामात कळतं की फ्रिजचं दार उघडत नाही किंवा पलंगापर्यंत जाता येत नाही. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. त्या जानेवारीत अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात आम्ही सहा गाड्या पाहिल्या आणि सहाही ठिकाणी मी एकच वाक्य बोलले, "आता खोल्या आत घेऊन दाखवा." रॉइसला त्याची लाज वाटायची.

रॉइस माझा नवरा. चार वर्षांपूर्वी त्याला पार्किन्सन झाला. गोळीचा असर असतो तोवर तो चालतो, थट्टा करतो, दुसऱ्याच्या गाडीखाली वाकून बघतो. असर उतरला की पाय जागच्या जागी रुततात आणि मग कितीही ओढा, एक पाऊल पुढे पडत नाही. नेब्रास्कातलं घर आम्ही विकलं होतं. एक तारखेला नव्या माणसांना ताबा द्यायचा होता. पुढे दोनच वाटा होत्या. एक रॉइसची, म्हणजे चाकांवरचं घर. दुसरी माझी, म्हणजे ओमाहात माझ्या बहिणीची मागची खोली. इर्माच्या घराची दारं रुंद होती, हॉस्पिटल जवळ होतं. आणि त्या घरात इर्माही होती.

"तिथे मी मरणार नाही," रॉइस म्हणायचा, "पण इर्माशी रोज पत्ते खेळायचे म्हणजे जगणंही नाही."

सातवी गाडी हार्लन नावाच्या माणसाची होती. ट्रकमधून उतरल्यावर दहा पावलं रॉइस काठी टेकत आला, आणि दारावर टकटक करण्याआधी ती घडीची काठी दुमडून त्याने जाकिटात खुपसली. मी काही बोलले नाही. आणखी एका गोष्टीबद्दल मी सहाही ठिकाणी गप्प बसले होते. विकणारा माणूस रॉइसला चालकाच्या खुर्चीवर बसवायचा, रॉइस चाकावर हात ठेवून आरशात बघायचा आणि मी शेजारी बसून पर्स सांभाळायची. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच त्याचं गाडी चालवणं बंद केलं होतं. सव्वीस वर्षं शाळेची बस मी चालवली आहे. पण एवढं एक सोंग त्याला करू द्यावं, असं मला वाटायचं.

"एवढी लांब गाडी चालवलीय का कधी?" हार्लनने विचारलं.

"धान्याचे ट्रक चालवलेत मी," रॉइस म्हणाला. "ही तर लोण्यासारखी जाईल."

हार्लन सत्तरीचा, वाकलेल्या खांद्यांचा. त्याने आम्हाला थंड चहा दिला. गाडी बघून मला धडकीच भरली. चामड्याचा सोफा, खोटी शेकोटी, मागे राणीला शोभेल असा पलंग. नाकापेक्षा मोती जड, मी मनात म्हटलं. रॉइस मात्र प्रत्येक कप्पा उघडून बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे दिसत होतं ते मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याचीच मला भीती वाटली.

"आता खोल्या आत घेऊन दाखवा," मी म्हटलं.

"छान चालतात त्या, मॅडम. माझा शब्द घ्या."

"शब्दावर मी बटाटे पण घेत नाही."

"बॅटरी जरा... म्हणजे आज नको. ते बटण ओपल दाबायची. माझी बायको."

"मग ओपलला बोलवा."

"दोन वर्षं झाली तिला जाऊन."

मी माफी मागायला हवी होती. पण मला वाटलं, हा दुःखाआड काहीतरी लपवतोय. सडलेली फळी असेल, नाहीतर मोटर बसलेली असेल. मी हटले नाही. शेवटी तो मान हलवून किल्ली आणायला गेला. जॅक आणि खोल्या हलवायच्या तर आधी किल्ली फिरवावी लागते.

तेवढ्यात पलंगावर बसलेल्या रॉइसने माझं मनगट धरलं. "व्हेल्डा, पैज लाव."

"कसली?"

"खोल्या आत असताना मी या पलंगावरून त्या संडासापर्यंत माझा मी गेलो, तर ही गाडी घ्यायची. नाही जमलं तर ओमाहा. इर्माशी पत्ते खेळीन, तोंडातून शब्द काढणार नाही."

"खोली सरकताना आत कुणी थांबायचं नसतं, माहितीय ना?"

"पलंगावरच बसतोय. पलंग काय खाणार आहे मला? आत्ताच करू. दोन वाजता गोळी आहे, त्याआधी. असर उतरलेला असताना जमलं तरच खरं."

दोनला वीस मिनिटं कमी होती. समोर कपाट होतं. पलंग आत आला की त्याच्या कडेपासून कपाटापर्यंत वीतभर जागा उरेल, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. त्याला जमणार नाही हेही मला कळत होतं. मी "बरं" म्हटलं. मला जिंकायचं होतं. आज हे सांगताना बरं वाटत नाही, पण खरं ते खरं.

मी बाहेरच्या दिवाणखान्यात आले आणि रॉइस पलंगावरच बसून राहील, असं हार्लनला सांगितलं. हार्लनने भिंतीवरचं बटण दाबलं. मोटर गुरगुरली आणि झोपायची खोली, पलंग, भिंत, खिडकी, सगळं एकदम आत सरकायला लागलं. जवळजवळ पूर्ण आत आली होती, तोच खालून कडकन काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मोटर कण्हली. खोली थांबली.

पलंगाच्या कोपऱ्याने झोपायच्या खोलीचं दार अडवलं होतं. चार बोटांची फट उरली होती.

"रॉइस?"

"आहे मी." आवाज वेगळा होता. "उभा आहे."

मी फटीला डोळा लावला. तो पलंगावर नव्हता. पलंगाच्या कडेत आणि कपाटात उभा होता, गुडघे गादीला टेकलेले, पाठ कपाटाला. आवाज ऐकून तो उठला होता, आणि उठल्या उठल्या त्याचे पाय रुतले होते.

"का उठलास तू?"

"काठी," तो म्हणाला. "उठायला लागेल म्हणून जाकिटातून काढली होती, पण हार्लन येताना दिसला तशी पलंगाच्या बाजूला सरकवून ठेवली. खाली पडली वाटतं."

मी फोनचा दिवा खाली धरला. निळी काठी सरकत्या जमिनीखालच्या खाचेत वाकडी होऊन अडकली होती. गाडीचा काही दोष नव्हता. दोष आमचा होता, आणि तो आम्ही स्वतःच्या हातांनी आत नेऊन ठेवला होता.

"बाहेर घेतो परत," हार्लन म्हणाला आणि त्याचा हात बटणाकडे गेला.

मी त्याचं मनगट पकडलं. बटणाला दोन बाजू होत्या आणि दोन्हीवरची अक्षरं घासून गेली होती. ओपलच्या अंगठ्याने, वर्षानुवर्षं. "बाहेर घ्यायची बाजू कुठली?"

त्याने बटणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "खालची दाबली होती मी मघाशी. की वरची? मॅडम, मला खरंच..."

"हात लावू नका."

आणखी चार बोटं खोली आत आली असती तर रॉइस पलंग आणि कपाट यांच्यात चेपला गेला असता. मी गोळ्यांची डबी फटीतून आत टाकली. ती पलंगाखाली घरंगळली. रॉइसला वाकता येत नव्हतं.

"दोन वाजले का?" त्याने विचारलं.

"वाजताहेत. गप्प उभा राहा."

"दुसरं काय करू शकतो मी?" तो म्हणाला, आणि हसला.

हार्लनने खणातून गाडीसोबत आलेलं माहितीचं पुस्तक काढलं. चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचलं. मोटर बंद पडली तर खोली हाताने सरकवता येते, गाडीखाली जाऊन, पान्याने नट फिरवून. हार्लनचा खांदा निकामी होता. मी पाना घेतला आणि खडीत पाठ टेकवून गाडीच्या पोटाखाली शिरले. अडुसष्ट वर्षांची बाई, चांगली पँट घालून. हार्लन बाजूला गुडघ्यांवर बसून दिवा धरत होता. उजेड सगळीकडे जात होता, फक्त नटावर येत नव्हता.

"इथे धरा," मी ओरडले. "ओपल करायची तेव्हा असाच धरायचात का?"

"तेव्हाही ती ओरडायचीच," तो म्हणाला.

पाना बसला. पण कुठे फिरवायचा, हे पुस्तकातल्या चित्रावरून कळत नव्हतं. मी पाव फेरा दिला आणि ओरडले, "रॉइस, काय होतंय?"

वरून मग सावकाश, "जवळ येतंय."

मी पाना काढला, उलटा बसवला, पाव फेरा दिला.

"आता?"

"लांब जातंय."

मग मी फिरवत राहिले. एका बोटाएवढी खोली सरकायला किती फेरे लागले ते मोजायचं सोडून दिलं. डोळ्यांत धूळ जात होती, दंड दुखत होते. मी मनातल्या मनात रॉइसला शिव्या देत होते, मग स्वतःला, मग इर्माला, जिचा काही संबंध नव्हता. पण फिरवता फिरवता आणखी एक गोष्ट घडत होती. मी या गाडीचं पोट बघत होते. लोखंड कोरडं होतं. कुठे गंज नव्हता, कुठे पाणी झिरपल्याचा डाग नव्हता. सहा गाड्यांच्या मालकांपैकी एकानेही मला खाली शिरू दिलं नव्हतं.

दार मोकळं झालं तेव्हा सव्वातीन झाले होते. मी आत धावले. पलंगाखालून डबी काढून त्याला गोळी दिली, पाणी पाजलं. पुढे मोकळी जागा होती, पण तो तसाच उभा. खोली उघडली तरी त्याचे पाय उघडले नव्हते. हार्लन दारात उभा राहून बघत होता. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

मी मोडलेली काठी खाचेतून ओढून काढली आणि रॉइसच्या बोटांसमोर आडवी ठेवली. "ओलांड."

आडवी रेघ दिसली की त्याचं पाऊल उचलतं. कसं ते डॉक्टर सांगतात, मला नीट कळलेलं नाही. त्याने काठी ओलांडली. मी ती उचलून पुन्हा पुढे ठेवली. असं करत करत आम्ही सोफ्यापर्यंत आलो.

मग रॉइस म्हणाला, "ओमाहा. पैज म्हणजे पैज."

मी जिंकले होते, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"मला सांगायला हवं होतं," हार्लन म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "ओपल त्या पलंगाशीच पडली होती. रस्त्याकडेच्या थांब्यावर, खोल्या आत होत्या. मला तिथवर जाता येईना. तिला काही झालं नाही तेव्हा, खरचटलं फक्त. पण त्यानंतर आम्ही खोल्या उघडता येणार नाहीत अशा जागी कधी मुक्कामच केला नाही. ती गेल्यापासून तर मी त्यांना हातच लावला नाही. तुम्ही नका घेऊ ही."

मी पर्समधून लाल नेलपॉलिश काढली. "तुम्ही मघाशी दाबलेली बाजू कुठली?"

"वरची. हो, वरची. आता आठवतंय."

खोली मोकळी होती, कुणी आत नव्हतं. मी खालची बाजू दाबली. मोटर कण्हली नाही. खोली बाहेर जाऊन टप्पकन बसली. मी बटणाच्या खालच्या बाजूला एक लाल ठिपका दिला.

"तीन गोष्टी," मी रॉइसला म्हटलं. "खोल्या हलताना तू बाहेर, खुर्चीत. मुक्काम फक्त खोल्या उघडतील तिथेच, फुकटच्या अरुंद पार्किंगमध्ये नाही. आणि काठी हातात, जाकिटात नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "पैज तू जिंकलीस, व्हेल्डा."

"इर्माशी पत्ते तू खेळशील, पण तिची बडबड मला ऐकावी लागेल. नको मला ते."

हार्लन उठला. त्याने किल्ली जुडग्यातून सोडवली, क्षणभर मुठीत धरली, आणि सगळेजण करतात तसंच केलं. ती रॉइससमोर धरली. रॉइसचा हात मांडीवर थरथरत होता. त्याने तो उचलला नाही, लपवलाही नाही.

"तिला द्या," तो म्हणाला. "गाडी ती चालवते."