शोकसभेच्या कागदाखाली

मी एक जुना सूचनाफलक आहे. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी बिच्चारा वगैरे मुळीच नाही. न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या भिंतीवर मी एकेचाळीस वर्षं टांगलेला आहे. माझी कहाणी ऐकून कोणी डोळे पुसायला लागलं तर मला आवडणार नाही. राग आला तर मात्र येऊ द्या, मलाही आला होता.

मला एका सुताराने घडवलं. सागवानी चौकट, आत मऊ बुचाची फळी, तिच्यावर हिरवं कापड आणि पुढे काचेची दोन दारं. भिंतीवर लावताना त्याने स्वतःच्या बायकोला समोर उभं केलं. ती चांगलीच बुटकी होती. "वरची ओळ वाचता येते का गं?" त्याने विचारलं. "मान मोडेल माझी," ती म्हणाली. मग त्याने मला वीतभर खाली आणलं. म्हणजे बघा, पहिल्या दिवसापासून मी साहेबांच्या नव्हे, बुटक्या माणसांच्या सोयीने लागलो आहे. याचा मला फार अभिमान आहे.

माझ्या काचेला कुलूप आहे आणि किल्ली वकील संघाच्या शिपाईमामांकडे असते. माझ्यावर काय काय लागलं म्हणून सांगू! वकिलांची सहल, टेबल टेनिसचे सामने, हरवलेली छत्री, विकायला काढलेला काळा डगला. हे सगळं मी हसत सोसलं. पण माझं खरं काम वेगळं. वकिलांना सनद देणारी एक परिषद असते. एखाद्या वकिलाने आपल्या अशिलाला फसवलं, तर परिषद चौकशी करते आणि त्याची सनद काही काळ काढून घेते. तेवढे दिवस त्याला कोणाचाही खटला घेता येत नाही. हे लोकांना कळावं म्हणून त्या हुकुमाचा कागद माझ्यावर लावायचा, असा नियम आहे. डगला घातलेला प्रत्येक माणूस लांबून सारखाच दिसतो. मग कोणाकडे जावं आणि कोणाकडे जाऊ नये, हे साध्या माणसाला मी नाही तर कोण सांगणार?

माझा मान ठेवणारा एक वकील होता. तारीख पुढे ढकला, असं तो कधी म्हणायचा नाही. "आजच करू या, साहेब," हे त्याचं ठरलेलं वाक्य, म्हणून सगळे त्याला 'आजच वकील' म्हणत. एकदा त्याच्या हातून एक कागद वेळेत दाखल व्हायचा राहिला आणि परिषदेने त्याला लेखी तंबी दिली. तंबीचा कागद लावायची सक्ती नव्हती, तरी त्याने तो स्वतः आणून माझ्या मधोमध लावला. बाकीचे वकील म्हणाले, "अहो, कशाला स्वतःची शोभा करून घेता?" तो म्हणाला, "चूक मी चारचौघांत केली. मग कबुली कोपऱ्यात कशाला?" त्या दिवशी माझी छाती अशी फुगली की एक टाचणी सुटून खाली पडली.

पण असे लोक थोडे. संघात एक वाईट चाल रुजली होती. सनद गेलेल्या वकिलाचा कागद नियमाप्रमाणे लावायचा आणि तासाभरात त्याच्यावर दुसरा कागद टाचायचा. कोणी विचारलंच तर छातीठोकपणे सांगायचं, लावलाय की! खोटं कोणीच बोलत नव्हतं. फक्त खरं कोणाला दिसत नव्हतं.

मग लोणी वकिलाची पाळी आली. हे त्याचं खरं नाव नव्हे हो, पण समोरच्याला असं लोणी लावायचा की माणूस घसरलाच पाहिजे. एका म्हाताऱ्या अशिलाला न विचारता त्याने परस्पर तडजोडीवर सही केली होती. परिषदेने त्याची सनद दोन वर्षांसाठी काढून घेतली. हुकूम आला तेव्हा संघाचे अध्यक्ष तोंड कडू करून म्हणाले, "लावावा तर लागेल. पण आपलाच माणूस आहे, जरा सांभाळून घ्या." नेमका त्याच आठवड्यात आजच वकील वारला. त्याच्या शोकसभेचा भलामोठा कागद तयार झाला, काळ्या चौकटीचा, वर फोटो. अध्यक्षांनी बोट दाखवलं आणि शिपाईमामांनी तो बरोबर लोणी वकिलाच्या हुकुमावर लावला.

मित्रांनो, सहलीचा कागद कोणीही बाजूला करतो. शोकसभेच्या कागदाला हात कोण लावणार? शोकसभा झाली. आठवडा गेला, दोन महिने गेले, तरी कागद जागचा हलला नाही. अध्यक्ष रोज सकाळी माझ्यासमोर थांबून त्या फोटोला नमस्कार करत. आपण किती मोठ्या माणसाचा मान राखतो आहोत, असंच त्यांना वाटत असणार. मला मात्र आतून किळस यायची. ज्याने स्वतःची चूक झाकली नाही, त्याच्याच तोंडाने हे दुसऱ्याची झाकत होते.

अशात एक शिलाईवाली बाई आली. एका खोलीत राहायची आणि त्याच खोलीत मशीन चालवायची. ती खोली रिकामी करा, असा निकाल तिच्याविरुद्ध लागला होता. अपिलाला तीस दिवसांची मुदत होती. लोणी वकिलाने तिला माझ्यासमोरच गाठलं. "ताई, तुम्ही काळजीच करू नका. निकालाची प्रत माझ्याकडे ठेवा आणि निवांत घरी जा. अपील दाखल झालंच समजा."

बाई साधी असली तरी भोळी नव्हती. तो गेल्यावर तिने शिपाईमामांना विचारलं, "मामा, माणूस बरा आहे ना हा?"

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. नोकरीला चार वर्षं उरली होती. ते एवढंच म्हणाले, "बाई, एकदा तो बोर्ड नीट वाचून जा."

ती माझ्यासमोर आली. शोकसभेचा कागद तिने अक्षर न् अक्षर वाचला, फोटोला हात जोडले आणि निघून गेली. तिच्या घराचं मरण त्या कागदाच्या मागे चार टाचण्यांवर लटकलं होतं आणि मी गप्प! लाकूड असण्याची लाज मला आयुष्यात तेवढी एकदाच वाटली.

त्यानंतर ती दर दोन दिवसांनी यायची. कधी 'साहेब रजेवर आहेत', कधी 'कागद वर गेलाय', अशी उत्तरं घेऊन परत जायची. कागद कुठला वर जातोय! ज्याला सनदच नाही, त्याच्या सहीचं अपील कोण घेणार? मुदतीतले सत्तावीस दिवस असेच गेले.

अठ्ठाविसाव्या दिवशी ती समोरच्या बाकावर वाट बघत बसली होती. तेवढ्यात आजच वकिलाची मुलगी आली. ती दवाखान्यात नर्स होती आणि वडिलांची पुस्तकं न्यायला आली होती. माझ्यासमोर येऊन ती थबकली.

"मामा, शोकसभा होऊन तीन महिने झाले. हा कागद अजून इथे? द्या काढून, बाबांचा फोटो घरी नेते."

"ताई, अध्यक्षसाहेबांनी सांगितलंय, हात लावू नका."

"माझ्या बापाच्या कागदाला मी हात लावायचा नाही?"

मामांनी खिशातून किल्ली काढली आणि माझं दार सताड उघडलं. मुलीने एकेक करून चार टाचण्या काढल्या. खालचा हुकूम उघडा पडला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. एव्हाना अध्यक्ष धावत आले होते.

"अहो, वडिलांच्या सन्मानासाठीच ठेवला होता तो..."

"सन्मान?" तिचा आवाज जिन्यावरून पार वरच्या मजल्यापर्यंत गेला. "माझ्या बाबांनी जन्मभर कोणाचं पाप झाकलं नाही. मेल्यावर त्यांना पांघरूण करताय? शरम नाही वाटत?"

मग तिने लोणी वकिलाचं नाव मोठ्याने वाचलं. बाकावरची शिलाईवाली ताडकन उठली. "काय म्हणालात? परत वाचा!"

परत वाचायची गरजच पडली नाही, कारण ती स्वतः येऊन माझ्या फळीला नाक लावून वाचू लागली. पण ती रडली नाही, मित्रांनो. ती तडक चहाच्या टपरीवर गेली. तिथे लोणी वकील नव्या माणसाला लोणी लावत उभा होता. मामांनी नंतर सांगितलं, ती फक्त "माझी प्रत द्या" एवढंच म्हणत राहिली, अकरा वेळा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने. शेवटी टपरीवरची माणसं गोळा झाली आणि त्याने मुकाट्याने पिशवी उघडली. नर्सने तिला हाताला धरून मोफत कायदा मदतीच्या खोलीत नेलं. तिथल्या तरुण वकीलबाईंनी दोन दिवस खपून तिसाव्या दिवशी अपील दाखल केलं. निकालाला स्थगिती मिळाली. खोलीतली मशीन अजून चालू आहे. खटल्याचं पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, पण आता तो निदान लढला तरी जाईल.

संघाची बैठक बसली. मामांना समज मिळाली. काहींनी ठराव मांडला की हा फलक जुनाट झाला, काढून टाका. काढा की! मी घाबरतो होय? लाकूड आहे, जळणात गेलो तरी ऊब देईन. पण जोवर या भिंतीवर आहे, तोवर माझ्यावर जे लागेल ते दिसलंच पाहिजे. बाळांनो, माझी काच पुसा, मला रंग द्या, असलं काही मी मागणार नाही. रंगीत होऊन आंधळा राहण्यात काय अर्थ? तुम्ही मोठे झालात की मला वाचा. वरचा कागद उचलून खालचाही वाचा. आणि उचलू देत नसतील तर का देत नाही, ते विचारा. न्यायावर विश्वास ठेवा, असं तुम्हाला सगळे सांगतील. मी सांगतो, आधी त्याला तुमच्यासमोर उघडा उभा राहू द्या, मग ठेवा.

हल्ली दर सोमवारी ती शिलाईवाली येते. वाचता न येणारी माणसं बाकावर बसलेली असतात. ती माझ्यावरचा प्रत्येक हुकूम त्यांना ठळक आवाजात वाचून दाखवते. परवा अध्यक्ष तिला म्हणाले, "बाई, तुमचं काम तर झालं. आता दर सोमवारी इथे कशाला?"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "माझ्या वेळी कोणी वाचून दाखवलं नाही," ती म्हणाली आणि पुढचं नाव वाचायला लागली.